लेखक उपाशी, मग मालिका उसन्या!

‘कोर्ट’ची पटकथा लिहिली जात होती तेव्हा तिच्या लेखनासाठी अनुदान कोणी दिले? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने. चैतन्य ताम्हाणे लिहीत बसले होते तेव्हा त्यांच्या पोटापाण्याची सोय कोणी केली? पुढे ज्यांनी निर्मितीही केली आणि वकिलाची भूमिकाही केली त्या विवेक गोंबर यांनी, दरमहा ठरावीक रक्कम देऊन. २०१४ साली हा चित्रपट व्हेनिसहून दोन सन्मान घेऊन आला, पुढे त्याला सुवर्णकमळ मिळाले, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली, आणि साऱ्या महाराष्ट्राने छाती फुगवली. ताम्हाणे यांच्या पुढच्या ‘द डिसायपल’च्या वेळी त्यांना अल्फॉन्सो क्वारोन यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला. तोही एका स्विस घड्याळ कंपनीच्या, रोलेक्सच्या, गुरू-शिष्य योजनेमुळे. क्वारोन मेक्सिकोत ‘रोमा’चे चित्रीकरण करीत होते तेव्हा हा मराठी लेखक-दिग्दर्शक तिथे त्यांच्या शेजारी उभा राहून काम पाहत होता. २०२० मध्ये ‘द डिसायपल’ला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार पटकावला. त्याही पटकथेची मशागत व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजात झाली होती.

म्हणजे मराठीत लिहायचे, मराठी माणसाबद्दल लिहायचे, आणि लिहिण्याच्या काळातल्या भाकरीसाठी हात पसरायचे रॉटरडॅम, जिनिव्हा आणि व्हेनिसपुढे! सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळवलेल्या भाषेला ही लाज वाटत नसेल, तर तिच्या नावाने राज्य करणाऱ्यांना ती वाटायला लावणे हे आमचे कर्तव्य आहे. आणि हे झाले चित्रपटाचे. चित्रपटाला निदान परदेशातले दार तरी किलकिले आहे. ज्या माध्यमाने मराठी घरात रोज संध्याकाळी ठाण मांडले आहे, त्या दूरचित्रवाणीच्या मराठी लेखकाला तर तेही नाही. त्याच्यासाठी एक वर्षाची शिष्यवृत्ती नाही, एक हक्काचा मार्गदर्शक नाही, एक शांत खोली नाही.

मालिकेचा पायलट म्हणजे पहिला, कसोटीचा भाग. त्या एका भागात सगळे जग उभे करावे लागते. ही माणसे कोण, कुठल्या गावची, कशाला भितात, त्यांची भाषा कशी, आणि त्यांची गोष्ट वीस-पंचवीस भाग किंवा वर्षानुवर्षे चालेल एवढा दम तिच्यात आहे का, हे सारे त्या चाळीस-पन्नास पानांत दिसावे लागते. त्या पानांमागे पात्रांची, घटनांची, पुढच्या प्रवासाची जाडजूड टिपणवही असते. धंद्यात तिला ‘बायबल’ म्हणतात. हे काम प्रामाणिकपणे करायचे तर महिने जातात, कधी वर्ष जाते. लेखकाला न्यायालयात जाऊन बसावे लागते, साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ उभे राहावे लागते, परिचारिकांच्या रात्रपाळ्या पाहाव्या लागतात. पहिला खर्डा फेकून द्यावा लागतो. दुसराही फेकून द्यावा लागतो. या फेकलेल्या खर्ड्यांचे पैसे मराठीत कोण देते? कोणीही देत नाही.

प्रत्यक्षात काय चालते ते मालाड-अंधेरीच्या कचेऱ्यांत पायऱ्या झिजवणारा प्रत्येक तरुण लेखक जाणतो. चार पानांची ‘कन्सेप्ट नोट’ आणा, ‘नरेशन’ द्या, बदल करा, पुन्हा या. महिनोन्‌महिने हे फुकट चालते. मंजुरी मिळाली तर दुसऱ्याच दिवसापासून आठवड्याचे सहा भाग भरायचे असतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. सेटवर कलाकार रंगभूषा करून बसलेले आणि दृश्याची पाने अजून फोनवर यायची आहेत, अशी तारांबळ. मानधन भागागणिक, आणि तेही भाग प्रसारित झाल्यावर नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाज. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की शुक्रवारी ‘ट्रॅक’ फिरवायचा. या घाण्याला जुंपलेल्या लेखकाला आम्ही दोष देणार नाही. त्याने या अवस्थेत जे लिहिले त्यात अधूनमधून जी चमक दिसते ती त्याच्या अंगच्या गुणाची आहे. दोष त्या व्यवस्थेचा, जिने विचार करायला वेळच ठेवला नाही.

मग वेळ नाही, पैसा नाही, जोखीम घ्यायची नाही, तर गोष्ट आणायची कुठून? शेजाऱ्याकडून! ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली. ‘रंग माझा वेगळा’चे मूळ मल्याळम. ‘सहकुटुंब सहपरिवार’चे मूळ तमिळ ‘पांडियन स्टोअर्स’. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ पुन्हा बंगालीतून. या मालिका लोकांनी मनापासून पाहिल्या, त्यांतल्या कलाकारांचे आणि संवादलेखकांचे कष्ट खरे आहेत. बंगाली आणि तमिळ लेखकांचाही आम्हाला आदरच आहे. भाषांमध्ये देवघेव व्हावी, अवश्य व्हावी. पण देवघेवीत ‘देणे’ही असते. कोलकात्याच्या आणि चेन्नईच्या वाहिन्यांनी आमच्याकडून किती मालिका नेल्या? हिशेब मांडला तर आपण बहुतेक घेणारेच आहोत. तपासून झालेली गोष्ट विकत घेणे स्वस्त पडते आणि नवी गोष्ट लिहवून घेणे महाग पडते. जोवर लेखनाचा खर्च कोणी उचलत नाही तोवर हेच चालणार.

आणि आमच्याकडे गोष्टी नाहीत असे कोण म्हणेल? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप पुकारला आणि एका शहराचा आत्माच बदलला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी घरे जळाली, माणसे मेली, आणि १४ जानेवारी १९९४ उजाडायला सोळा वर्षे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, आणि पुनर्वसनाच्या नव्या गावांत तीन पिढ्यांनी संसार नव्याने मांडले. बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांवर शस्त्रक्रिया झाल्याचे २०१९ मध्ये देशभर गाजले. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे धरणग्रस्त कुठे-कुठे विखुरले! यांतल्या कोणत्या विषयावरची सविस्तर, ताकदीची मराठी मालिका वाचकांना चटकन आठवते? आठवत नसेल, तर का आठवत नाही, हा आमचा सवाल आहे. उत्तर सरळ आहे. अशी गोष्ट लिहायला अभ्यास लागतो, अभ्यासाला काळ लागतो, आणि काळाला पैसे लागतात. म्हणून आपल्या मालिकांतले घर तेच राहते, तोच प्रशस्त वाडा, तेच कारस्थान, तीच मंगळसूत्राची शपथ.

एक वर्ष बिनपगारी लिहीत बसणे कोणाला परवडते, हे एकदा उघड बोलूया. मुंबई-पुण्यात ज्याच्या डोक्यावर वडिलोपार्जित छप्पर आहे, ज्याच्या घरातून ‘तू लिही, आम्ही बघतो’ असे म्हणणारे कोणी आहे, त्यालाच. अंबाजोगाईच्या एसटी वाहकाच्या मुलाला ते परवडत नाही. नंदुरबारच्या आश्रमशाळेत शिकून अहिराणीत आणि भिलीत विचार करणाऱ्या मुलीला ते परवडत नाही. लग्न झालेल्या, मूल सांभाळणाऱ्या, दुपारी दोन तास मिळाले तर वहीत काहीतरी खरडणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. तिच्याजवळ गोष्ट आहे, कान आहे, भाषा आहे. फक्त भाडे भरायचे पैसे नाहीत. जिथे लेखनाला अनुदान नसते तिथे गोष्ट सांगण्याचा हक्क आपोआप सुस्थितांच्या हाती जातो. कोणी बंदी घालावी लागत नाही, कायदा करावा लागत नाही. दारिद्र्य हेच सेन्सॉर होते, आणि या सेन्सॉरविरुद्ध कुठल्या न्यायालयात दादही मागता येत नाही.

राज्य सरकार काय करते? ते पैसे देते, पण सगळे संपल्यावर. मराठी चित्रपटाला अनुदान आहे. वर्षानुवर्षे ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असा तो ढाचा राहिला. पण चित्रपट आधी पुरा करा, सेन्सॉरचे प्रमाणपत्र आणा, मग समिती पाहील, मग दर्जा ठरेल, मग रक्कम. हा पैसा निर्मात्याचा आहे. लेखकाने त्याच्या दोन वर्षांपूर्वी कोऱ्या कागदापुढे ज्या रात्री काढल्या त्यांच्याशी या योजनेचा काडीचा संबंध नाही. गोरेगावात १९७७ पासून दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, पाचशे एकरांहून मोठी. तिथे खोटी देवळे उभी राहतात, खोटे वाडे उभे राहतात, खोटे पोलीस ठाणे उभे राहते. एवढ्या जागेत लेखकांसाठी दहा खोल्यांचे एक निवासी घर बांधावे असे कोणत्याही सरकारला वाटले नाही. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ शिखर परिषद थाटात भरली, देशोदेशीचे पाहुणे आले, सर्जनशील अर्थव्यवस्थेच्या घोषणा झाल्या. त्या अर्थव्यवस्थेचा पहिला कामगार, कथा लिहिणारा, त्या झगमगाटात कोणत्या कोपऱ्यात उभा होता?

आमच्या राज्याला ही कल्पनाच परकी आहे, असेही नाही. १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देते. कवितासंग्रह, कथासंग्रह, कादंबरी, नाटक यांना जर हे दार उघडे आहे, तर पटकथेने काय पाप केले? दूरचित्रवाणी हे साहित्याचे सावत्र मूल आहे, असे मंडळाने कोणत्या पोथीत वाचले? पु. ल. देशपांडे यांना आकाशवाणीने दूरचित्रवाणीचे तंत्र शिकायला बीबीसीकडे पाठवले होते. ‘अपूर्वाई’ ही त्याच प्रवासाची देणगी. ज्या काळी या देशात दूरचित्रवाणीचा पत्ताही नव्हता त्या काळी एका मराठी लेखकाला ते तंत्र शिकायला परदेशी पाठवण्याची दृष्टी शासनयंत्रणेत होती. पुढे विदर्भाचे वसंत साठे केंद्रात नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले, तिथल्या लोकशिक्षण करणाऱ्या मालिका त्यांनी पाहिल्या, आणि त्यातून ‘हम लोग’ची कल्पना निघाली. मनोहर श्याम जोशी यांच्यासारख्या खऱ्या साहित्यिकाच्या हाती ते काम गेले आणि ७ जुलै १९८४ पासून सारा देश त्या मालिकेतल्या कुटुंबात राहू लागला. मंत्र्याने मनात आणले तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

जगाकडे पाहा. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे, एकट्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. तिथल्या डीआर या सार्वजनिक वाहिनीने एक नियम केला: मालिकेत दृष्टी एकच, आणि ती लेखकाची. तिथल्या राष्ट्रीय चित्रपट विद्यालयात पटकथा शिकणाऱ्या मुलांना वाहिनीच्या सहकार्याने मालिका-लेखन शिकवले गेले. त्यातूनच बाहेर पडलेले टोबियास लिंडहोल्म आणि येप्पे ग्येरविग ग्राम हे दोन तरुण अ‍ॅडम प्राइस या अनुभवी लेखकाच्या हाताखाली ‘बोर्गेन’ लिहायला बसले. २०१० मध्ये आलेली ती मालिका, एका छोट्या देशाच्या विधिमंडळातल्या वाटाघाटींची गोष्ट, जगभर पाहिली गेली. लिंडहोल्म यांनी पुढे ज्याच्या लेखनात हात घातला त्या ‘अनदर राउंड’ला ऑस्कर मिळाले. हा चमत्कार नव्हता. नवख्याला पगार देऊन जाणत्याशेजारी बसवले, एवढेच केले.

वेल्सचे उदाहरण तर मराठी भाषेच्या पुढाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे. २०११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे साडेपाच लाखांच्या थोडे वर भरले. सोलापूर शहराची लोकसंख्या त्याहून कितीतरी जास्त आहे. १९८० साली ग्विन्फोर इव्हान्स या नेत्याने वेल्श वाहिनी दिली नाही तर प्राणांतिक उपोषण करीन असे जाहीर केले आणि थॅचरबाईंच्या सरकारला शब्द फिरवावा लागला. १ नोव्हेंबर १९८२ ला ‘एस फोर सी’ सुरू झाली. त्याच वाहिनीवर २०१३ मध्ये अबेरिस्टविथ परिसरात घडणारी एक पोलीस मालिका आली. तिचे प्रत्येक दृश्य आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत चित्रित झाले, आणि ती डेन्मार्कच्या डीआरनेही विकत घेतली. फ्रान्समध्ये सीएनसी ही संस्था तिकिटांवरच्या आणि वाहिन्यांवरच्या करांतून निधी उभारते आणि त्यातला पैसा मालिकांच्या लेखकांना निव्वळ लिहिण्यासाठीही देते. आपल्या देशातही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ पासून पटकथाकारांची प्रयोगशाळा चालवली. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यातून उलगडणारी ‘द लंचबॉक्स’ची पटकथा तिथे घासूनपुसून निघाली. ‘तितली’, ‘दम लगा के हईशा’ याही तिथल्याच. पण त्या प्रयोगशाळेचा भर राहिला चित्रपटावर. मराठी मालिकेच्या पायलटसाठी असे घर अजून कोणी बांधलेले नाही.

आता एका जुन्या जखमेवर बोट ठेवतो, कारण त्याशिवाय ही मागणी अपुरी राहील. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांच्या राज्यातही चालू राहिली. लोकहितवादींसारख्या सुधारकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आग्रह धरला की यातला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यासाठी त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. लेखकाला सार्वजनिक पैशातून बक्षीस देण्याची ही मराठीतली सुरुवात, आणि ती सुधारकांच्या झगड्यातून झाली, हे ध्यानात ठेवा. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले. भटजोशाच्या भविष्याला बळी पडून नागवले जाणारे कुणबी नवरा-बायको, मध्ये परखड बोलणारा विदूषक, आणि शेवटी फुले दाम्पत्याच्या रात्रशाळेकडे निघालेले ते जोडपे. कमिटीने ते नाकारले. आपल्या कृतीचे तिथे काय झाले हे फुल्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. नाटक पडून राहिले आणि छापले गेले १९७९ साली, सव्वाशे वर्षांनी!

विचार करा. निधी होता, लेखक होता, संहिता तयार होती, काळालाही तिची गरज होती. कमिटीत बसलेल्या माणसांनी सव्वाशे वर्षांची वाट लावली. ते नाटक तेव्हा छापले गेले असते, गावोगाव झाले असते, तर मराठी रंगभूमीचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता? म्हणून आम्ही बजावतो: समिती न्यायी नसेल तर अनुदान पुन्हा दक्षिणाच होते. ओळखीच्यांना, जातीच्यांना, पक्षाच्यांना वाटली जाणारी दक्षिणा. तसे अनुदान आम्हाला नको.

आमची मागणी स्पष्ट आहे. राज्याने दरवर्षी साठ लेखकांना मालिकेचा पायलट आणि त्यामागची संपूर्ण टिपणवही लिहिण्यासाठी प्रत्येकी चार लाख रुपये द्यावेत. ही रक्कम दरमहा, वेळेवर, थेट बँक खात्यात जावी. शेवटच्या हप्त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढायला लावू नये. याचे होतात २ कोटी ४० लाख. वीस मार्गदर्शकांना, प्रत्येकाकडे तीन लेखक, दीड लाख प्रमाणे ३० लाख. निवासी शिबिरे, जिल्हा नाट्यगृहांतून कलाकारांकडून होणारी जाहीर वाचने, प्रवास आणि व्यवस्था यांना उरलेले धरले तर सारा खर्च चार कोटींत बसतो. ‘अ’ दर्जाच्या दहा चित्रपटांना जेवढे अनुदान गेले तेवढ्याच पैशात साठ नव्या मालिकांचा पाया! ज्या राज्याला ही रक्कम जड वाटते त्याने अभिजात भाषेचे सोहळे बंद करावेत.

निवड नाव झाकून व्हावी. अर्जावर आडनाव दिसले की वाचणाऱ्याच्या मनात काय काय हलते हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. निवड समितीतले अर्धे सदस्य मुंबई-पुण्याबाहेरचे असावेत, अर्ध्या स्त्रिया असाव्यात, दर दोन वर्षांनी समिती बदलावी, आणि ज्यांची संहिता नाकारली त्यांना कारण लेखी मिळावे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आगरी बोलीत लिहिलेले संवाद ‘प्रमाण करून आणा’ म्हणून परत पाठवता येणार नाहीत, असे नियमात लिहावे. आणि सरकारने संहिता वाचूच नये. योजना स्वायत्त मंडळाकडे द्या, पैसे मोजा आणि दूर व्हा. उद्या त्या पैशातून सरकारच्याच भ्रष्टाचारावर मालिका लिहिली गेली तर तो त्या योजनेचा विजय मानावा. सत्तेची स्तुती करणाऱ्या मालिकांसाठी सार्वजनिक पैसा मागायला आम्ही ही लेखणी उचललेली नाही.

मार्गदर्शकांविषयी अधिक कडक बोलणे भाग आहे. उद्घाटनाला शाल-श्रीफळ घेऊन दोन किस्से सांगून जाणारे मार्गदर्शक पुष्कळ झाले. मराठीला खऱ्या मार्गदर्शनाची परंपरा ठाऊक आहे. ‘सत्यकथा’च्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी नवख्या लेखकांच्या हस्तलिखितांवर किती मेहनत घेतली! ओळ न्‌ ओळ वाचायची, पत्रे लिहायची, पुन्हा लिहा म्हणायचे, आणि छापून आल्यावर श्रेय सगळे लेखकाचे. मराठी कथेची एक अख्खी पिढी त्या टेबलावर घडली. दूरचित्रवाणीच्या लेखकाला असे टेबल कधी मिळालेच नाही. त्याला मिळाले ते धाकदपटशा दाखवणारे क्रिएटिव्ह हेड, किंवा त्याच्याकडून भाग लिहवून घेऊन स्वतःचे नाव लावणारे ज्येष्ठ. म्हणून मार्गदर्शक प्रत्यक्ष लिहिणारे असावेत. त्यांनी वर्षभरात ठरलेल्या भेटी दिल्याच पाहिजेत, प्रत्येक खर्ड्यावर लेखी टिपण दिलेच पाहिजे, आणि त्या संहितेवर श्रेयाचा किंवा पैशाचा कोणताही हक्क त्यांना नसावा. विजय तेंडुलकरांनी मराठी नाटकाइतक्याच ताकदीने पडद्यासाठी लिहिले. ती विद्या आज ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती पुढे द्यावी, आणि त्यांच्या वेळेची किंमत राज्याने द्यावी.

हक्क लेखकाचाच राहिला पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या स्वामित्वधनाला संरक्षण मिळाले. तरी कराराच्या कागदावर सही करताना नवखा लेखक आजही एकटा असतो. अनुदानाबरोबर त्याला वकिलाचा सल्ला मोफत मिळावा. वाहिनीला संहिता हवी असेल तर तिने ठरावीक मुदतीसाठी पैसे मोजून ती राखून ठेवावी. मुदत संपली की ती पुन्हा लेखकाची. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने यातले निदान चार-पाच पायलट दरवर्षी प्रत्यक्ष बनवून दाखवावेत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत ‘गजरा’, ‘चिमणराव’ यांसारख्या कार्यक्रमांनी जी साहित्यिक जाण दाखवली त्या जाणिवेची ती वाहिनी अजूनही वारसदार आहे. आणि खासगी वाहिन्यांनी? त्यांनी मराठी प्रेक्षकांवर जाहिरातींचा धंदा उभा केला आहे. त्यांच्या उत्पन्नातला लहानसा वाटा या निधीत यायलाच हवा. मागून येत नसेल तर कायद्याने आणावा.

आम्हाला विचारले जाईल, शेतकरी गळफास घेत असताना मालिकेच्या लेखकाला पैसे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी १९७६ चा ‘मंथन’ आठवावा. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये काढून तो चित्रपट उभा केला, आणि त्याची पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी. आपली गोष्ट नीट सांगितली जावी यासाठी शेतकऱ्याने स्वतःच्या कनवटीचे पैसे काढले! त्याला कथेची किंमत कळली होती. त्याच्या नावाने लेखकाला नाकारणाऱ्यांनी त्याला आधी विचारावे. दुसरा आक्षेप येईल की साठातल्या पन्नास संहिता कधी पडद्यावर येणारच नाहीत. येणार नाहीत, कबूल. पेरलेले सगळेच उगवत नाही म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. त्या पन्नास लेखकांची घडलेली लेखणी मात्र मराठीत राहील. पुढच्या मालिकेत, पुढच्या नाटकात, पुढच्या चित्रपटात ती दिसेल.

सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना आमचे सांगणे आहे: येत्या अर्थसंकल्पात या योजनेच्या नावाने चार कोटींची वेगळी तरतूद दिसली पाहिजे, आणि अर्थसंकल्प मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांत नियम जाहीर झाले पाहिजेत. विरोधी पक्षाने हा प्रश्न सभागृहात उचलावा. सत्ताधारी आमदारांनी त्याला पक्षाचा रंग लावू नये. ज्येष्ठ लेखकांनी मानधनाची वाट न पाहता मार्गदर्शक म्हणून आपली नावे आजच जाहीर करावीत. आणि वाचकहो, तुमचा आमदार पुढच्या वेळी मराठीच्या अस्मितेवर भाषण करायला उभा राहील तेव्हा त्याला भर सभेत एकच विचारा: मराठी मालिका लिहिणाऱ्या किती लेखकांना तुमच्या सरकारने लिहिण्यासाठी पैसे दिले? आकडा मागा, आणि तो मिळेपर्यंत खाली बसू नका.